रात्रभर मुरणारी कॉफी

कोल्ड कॉफी म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर एक उंच ग्लास येतो. इन्स्टंट कॉफी, भरपूर साखर, गार दूध, वर फेस आणि लाड करायचे असतील तर व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा. पुण्यात कोथरूडच्या ‘दुर्गा’पाशी कॉलेजची मुलं गर्दी करतात ती याच कॉफीसाठी. गेल्या दहा वर्षांत मात्र कॅफेंच्या फलकांवर तिच्या शेजारी आणखी एक नाव येऊन बसलं आहे, कोल्ड ब्रू. दिसायला काळी, बिनदुधाची, बहुतेकदा बिनसाखरेची, आणि तरीही महाग. पहिल्यांदा मागवणाऱ्याला वाटतं, गरम कॉफी गार करून तिच्यात बर्फ टाकून दिली आहे. तसं नसतं. कॉफीच्या बिया भाजून दळल्यानंतर या पेयाला आच म्हणून लागतच नाही. भरड कॉफी गार पाण्यात रात्रभर मुरत ठेवायची, गाळायची आणि थंडच प्यायची, एवढीच तिची कृती.

कृती इतकी साधी असताना ती बाटलीत भरलेली विकत आणायची गरज फारशा घरांना नसावी. यंत्र लागत नाही, शेगडी लागत नाही, हाताला विशेष वळण लागत नाही. लागते ती चांगली कॉफी, स्वच्छ बरणी, चक्का बांधायला वापरतात तसलं सुती फडकं, फ्रिजमधली थोडी जागा आणि धीर. तरी घरी केलेली कोल्ड ब्रू अनेकदा फसते. कधी पाणचट होते, कधी गढूळ, कधी जिभेवर चरचरीत कडवटपणा ठेवून जाते. यातली जवळजवळ प्रत्येक चूक टाळता येते, मात्र त्यासाठी बरणीत रात्रभर काय घडतं ते थोडंसं माहीत असावं लागतं.

गार पाण्यानं कॉफी काढणं ही काही नवी युक्ती नाही. जपानमध्ये क्योतोच्या नावानं ओळखली जाणारी एक देखणी रीत आहे. काचेच्या उंच मनोऱ्यात वरच्या भांड्यातून बर्फाचं पाणी कॉफीवर थेंब थेंब पडत राहतं आणि तळाच्या भांड्यात अर्क साठायला कित्येक तास लागतात. अमेरिकेत 1964 साली टॉड सिम्पसन यांनी ह्यूस्टनमध्ये घरगुती वापराचं एक साधं भांडं बाजारात आणलं. सिम्पसन रसायन अभियांत्रिकी शिकलेले होते, पण व्यवसाय रोपवाटिकेचा. लॅटिन अमेरिकेच्या प्रवासात त्यांना थंड अर्क गरम पाण्यात मिसळून दिलेली कॉफी प्यायला मिळाली आणि तिची चव त्यांच्या मनातून जाईना. त्यांच्या ‘टॉडी’ भांड्याच्या तळाशी जाड गाळणी बसवलेली असते. आजही अनेक कॅफे त्याच पद्धतीची मोठी भांडी वापरतात.

तरीही जवळपास अर्धं शतक ही हौशी लोकांचीच गोष्ट राहिली. 2011 मध्ये पोर्टलंडच्या ‘स्टम्पटाउन’नं ती छोट्या बुटक्या बाटल्यांत भरून विकायला काढली. 2015 च्या वसंतात ‘स्टारबक्स’नं अमेरिकेतल्या सुमारे 2,800 दुकानांत 20 तास मुरवलेली कोल्ड ब्रू ठेवली आणि तिथून तिला घराघरांत ओळख मिळाली. भारतात या पेयासाठी जमीन आधीच तयार होऊ लागली होती. दिल्लीत 2013 मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लू टोकाई’नं पाकिटावर मळ्याचं नाव आणि भाजल्याची तारीख छापायला सुरुवात केली. 2016 मध्ये आलेल्या ‘स्लीपी आउल’नं तर थेट कोल्ड ब्रूलाच आपली ओळख बनवलं. कॉफीची पुडी पाण्यात टाकून रात्रभर ठेवा, सकाळी प्या, अशी त्यांची सोपी मांडणी होती. मुंबईत ‘सबको’सारखे भाजणारे आले. आणि 2020 च्या टाळेबंदीत घरोघरी डालगोना कॉफी घुसळणाऱ्या तरुण मंडळींतल्या काहींची पुढची पायरी कोल्ड ब्रू होती.

आपल्याकडे ती टिकण्याचं खरं कारण हवेत आहे. नागपूर-अकोल्याचा मे महिना असो की मुंबईचा घामट ऑक्टोबर, दुपारी तीन वाजता वाफाळता कप धरवत नाही. अशा वेळी दुधाचा जडपणा नसलेलं, साखर घातली नाही तरी गोडसर लागणारं थंड पेय हवंसं वाटतं.

ते गोडसर का लागतं, याचं उत्तर पाण्याच्या तापमानात आहे. गरम पाणी कॉफीतून जवळजवळ सगळंच भराभर ओढून घेतं. त्यात सुगंध आला, आंबटपणा आला, कडू पदार्थही आले. गार पाणी निवडक असतं. आंबट आणि कडू घटक त्यात कमी उतरतात, म्हणून कोको, गूळ, सुकामेवा अशा चवी पुढे येतात. मात्र सुगंधही कमी उतरतो. फुलांचा किंवा संत्र्याच्या सालीचा वास असलेली नाजूक आणि महागडी कॉफी थंड पाण्यात घालणं म्हणूनच बरेचदा वाया जातं. तिला गरम पाणीच द्यावं.

कॅफीनचं गणित मात्र वेगळं आहे. साध्या तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 20 ग्रॅम कॅफीन विरघळू शकतं, आणि कॉफीच्या सगळ्यात कडक अर्कातही त्याच्या जवळपास फिरकणारं प्रमाण नसतं. म्हणजे पाणी गार आहे म्हणून कॅफीन बियांत अडकून राहत नाही, फक्त बाहेर यायला वेळ घेतं. किती वेळ? फिलाडेल्फिया इथल्या संशोधक मेगन फुलर आणि निनी राव यांनी 2017 मध्ये हेच मोजलं. खोलीच्या तापमानाला सुमारे 400 मिनिटांत, म्हणजे सात तासांच्या आतच, कॅफीनचं प्रमाण स्थिरावलं. त्यानंतर बरणी तशीच ठेवली तर चवीत बदल होत राहतो, पण जोर वाढत नाही. ‘24 तास ठेवलीच पाहिजे’ हा आग्रह त्यामुळे अनाठायी ठरतो, आणि उष्ण गावांत तो धोक्याचाही आहे. त्याबद्दल पुढे.

आधी कॉफी. इथे मराठी ग्राहकाची पहिली गफलत होते ती किराणा दुकानात. इन्स्टंट कॉफी हा आधीच काढून वाळवलेला अर्क असतो. ती पाण्यात विरघळते, मुरत नाही. दुसरी गफलत फिल्टर कॉफीच्या पाकिटाची. दक्षिणी पद्धतीच्या पुष्कळ पावडरींत चिकोरी मिसळलेली असते. भारतीय नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी लागते, म्हणजे चिकोरी 49 टक्क्यांपर्यंत असू शकते, आणि हे प्रमाण पाकिटावर छापणं बंधनकारक आहे. पितळी-स्टीलच्या फिल्टरमधून निघणाऱ्या दाट डिकॉक्शनला चिकोरी शोभते. दुधातही ती छान लागते. रात्रभराच्या मुरण्यात मात्र ती भसाभस उतरते, रंग काळा करते आणि कॉफीची चव दाबून टाकते. शिवाय ही पावडर बारीक असते, गाळता गाळता जीव मेटाकुटीला येतो. पाकिटावर ‘100 टक्के कॉफी’ वाचल्याशिवाय घेऊ नये.

माटुंग्यातल्या किंवा पुण्यातल्या जुन्या कॉफीविक्रेत्यांकडे अजून डोळ्यांदेखत दळून देतात. तिथे दोनच गोष्टी सांगाव्यात, चिकोरी नको आणि अगदी भरड दळा. लापशीच्या रव्याएवढा दाणा हवा, फिल्टर कॉफीच्या पावडरीएवढा नको. घरी मिक्सर वापरायचा असेल तर सलग फिरवू नये. दोन-दोन सेकंदांचे झटके द्यावेत, मधे भांडं हलवावं आणि शेवटी पिठाच्या चाळणीतून भुकटी वेगळी काढावी. ही भुकटीच पेय गढूळ करते आणि तळाशी चिखल आणते. ती टाकून द्यायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी फिल्टरमध्ये किंवा साध्या उकळत्या कॉफीत ती कामी येते.

भाजणी मध्यम किंवा मध्यमहून जरा गडद असावी. फार काळी भाजलेली कॉफी थंड पाण्यातही राखेची चव सोडते. पाकिटावर भाजल्याची तारीख शोधावी. महिना-दीड महिन्यातली कॉफी उत्तम. बियांची निवड करताना देशाबाहेर बघायची अजिबात गरज नाही, आणि हे नुसत्या अभिमानानं म्हटलेलं नाही. कर्नाटकातला चिकमगळूर, कोडगू आणि हासन हा पट्टा देशातली सुमारे 70 टक्के कॉफी पिकवतो आणि तो महाराष्ट्राला एका रात्रीच्या प्रवासाइतका जवळ आहे. कोल्ड ब्रूला लागणारा कमी आंबटपणा, चॉकलेटी चव आणि भरीवपणा हा तिथल्या अनेक मळ्यांच्या कॉफीचा स्वभावच आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात फुगवलेली ‘मॉन्सून्ड मलबार’ तर अगदी मऊ उतरते. ज्यांना काळी कॉफी आंबट लागते त्यांनी हिच्यापासून सुरुवात करावी. ‘रत्नगिरी’ मळ्याचं पाकीट पाहून मात्र कोकणातल्या आंब्यांचा विचार करू नये, तो मळा कर्नाटकातला आहे. महाराष्ट्रात कॉफीचं नाव निघतं ते मेळघाटातल्या चिखलदऱ्याचं. तिथली लागवड ब्रिटिशांच्या काळापासूनची आहे, पण पीक थोडं. तिकडे फिरायला गेल्यावर मिळाली तर एक पाकीट जरूर आणावं.

आता बरणी. पहिल्यांदा करणाऱ्यानं 100 ग्रॅम कॉफी आणि 700 मिलिलिटर पाणी हे माप धरावं. कॉफी तराजूवर मोजावी. चमच्याचं माप दाण्याच्या जाडीप्रमाणे बदलतं आणि पुढच्या वेळी तीच चव आणता येत नाही. पाणी पिण्याचं, उकळून गार केलेलं असावं. बोअरवेलचं फार जड पाणी चव बोथट करतं. तोंडाचा मोठा घेर असलेली काचेची बरणी गरम पाण्यानं धुऊन कोरडी करावी. लोणच्याची बरणी नको, झाकणातला हिंग-मोहरीचा वास कितीही घासला तरी कॉफीत येतोच. आधी कॉफी, मग तिच्यावर निम्मं पाणी गोल फिरवत ओतावं, लांब चमच्यानं हलकं ढवळून सगळे दाणे ओले झाल्याची खात्री करावी आणि उरलेलं पाणी घालावं. कोरडे राहिलेले गोळे हे पाणचट कॉफीचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. झाकण लावून बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. संध्याकाळी सहाला ठेवली तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, म्हणजे 16 तासांनी, गाळायला तयार होते. फ्रिजमध्ये 18 तासांपर्यंत हरकत नाही.

बाहेर ओट्यावर ठेवायची असेल तर 10 ते 12 तास पुरतात, पण हे फक्त थंडीत आणि थंड गावांत. जळगाव, नागपूर, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराचं तापमान रात्रीही तिशीच्या खाली उतरत नाही, तिथे बरणी फ्रिजमध्येच हवी.

गाळताना घाई नडते. पातेल्यावर मोठी चाळणी, चाळणीत दुहेरी घडीचं सुती फडकं, आणि त्यावर बरणी हळूच उलटी करायची. पाणी आपोआप गळू द्यावं. दहा-पंधरा मिनिटं लागतात. फडकं पिळायचा मोह आवरावा. पिळलं की बारीक गाळ आणि कडवट रस दोन्ही उतरतात आणि आदल्या रात्रीची मेहनत बिघडते. हे फडकं कॉफीसाठी वेगळंच ठेवावं. साबणाच्या पावडरीत धुतलेल्या कापडाचा वास थंड अर्कात लगेच कळतो, म्हणून ते नुसत्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावं. घरात कुणाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर फडक्यानंतर अर्क कॉफीच्या कागदी गाळणीतूनही काढावा. कोलेस्टेरॉल वाढवणारी कॉफीतली तेलकट द्रव्यं कागद बऱ्याच अंशी अडवतो.

कॉफीचा चोथा आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो, त्यामुळे हाती येतो तो सुमारे 500 मिलिलिटर अर्क. हा थेट प्यायचा नाही. ग्लासमध्ये बर्फ, त्यावर 75 मिलिलिटर अर्क आणि तेवढंच किंवा दीडपट गार पाणी किंवा दूध. एका बरणीतून सहा-सात ग्लास निघतात. पाव किलोचं पाकीट 500 रुपयांना मिळालं असं धरलं, तर बरणीला 200 रुपये आणि ग्लासला साधारण 30 रुपये पडतात. कॅफेतल्या एका ग्लासच्या पैशांत घरची पूर्ण बरणी होते.

अर्क आठवडाभर टिकतो असं अनेक ठिकाणी सांगितलं जातं. व्यवहारात पाचव्या दिवसापासून चव उतरू लागते, म्हणून चार-पाच दिवसांपुरताच करावा. टिकवण्याचा प्रश्न चवीपुरता नाही. कॉफी उकळलेली नसते, तिची आम्लता सौम्य असते, आणि अन्नसुरक्षेचा साधा नियम सांगतो की 5 ते 60 अंश सेल्सियसच्या दरम्यान जंतू वाढतात. हवाबंद डब्यात हा धोका आणखी गंभीर होतो, कारण बॉट्युलिझम या गंभीर अन्नविषबाधेचे जंतू हवा नसलेल्या, कमी आंबट जागीच वाढतात. 2017 मध्ये अमेरिकेतल्या ‘डेथ विश’ कंपनीनं याच शंकेपोटी आपल्या नायट्रो कोल्ड ब्रूचे डबे बाजारातून परत मागवले. कुणी आजारी पडलं नव्हतं, पण धडा उद्योगातल्या सगळ्यांनी घेतला. घरच्या माणसानं एवढं पाळावं की अर्क गाळल्याबरोबर फ्रिजमध्ये जावा, ओला चमचा बाटलीत घालू नये, दूध मिसळलेला ग्लास उरवू नये, आणि आंबूस वास किंवा बुडबुडे दिसले तर चाखून बघत न बसता ओतून द्यावा. प्रवासात प्लास्टिकच्या बाटलीत भरून दिवसभर गाडीत ठेवणं टाळावं. विकतची बाटली घेताना ‘थंड जागी ठेवा’ असं छापलेलं असेल आणि दुकानदारानं ती उघड्या फळीवर मांडली असेल, तर घेऊ नये.

पोटाला ही कॉफी सोसते का, हा प्रश्न हटकून विचारला जातो, कारण ‘ॲसिडिटी होत नाही’ अशी तिची जाहिरात जोरात होते. फुलर आणि राव यांनीच 2018 मध्ये गरम आणि थंड कॉफी शेजारी ठेवून तपासल्या. दोन्हींचा सामू (pH) 4.85 ते 5.13 च्या दरम्यान, म्हणजे जवळजवळ सारखाच निघाला. गरम कॉफीत एकूण आम्लं जास्त होती, तशीच अँटिऑक्सिडंट क्रियाही जास्त होती. म्हणजे थंड कॉफी जिभेला सौम्य लागते हे खरं, पण ज्याला कॉफीनं जळजळतं त्यानं जाहिरातीवर विसंबून रिकाम्या पोटी मोठा ग्लास घेऊ नये. आधी अर्धा घ्यावा, पोट काय म्हणतं ते बघावं.

सगळ्यात जास्त सावधगिरी हवी ती कॅफीनची. सौम्य चवीमुळे ही कॉफी सरबताच्या वेगानं पोटात जाते. वरच्या मापानं हिशेब करून बघावा. अरेबिका बियांत वजनाच्या सुमारे 1.2 टक्के कॅफीन असतं. 100 ग्रॅममध्ये 1,200 मिलिग्रॅम झालं, ते 700 मिलिलिटर पाण्यात पसरतं. 75 मिलिलिटर अर्कात जास्तीत जास्त 130 मिलिग्रॅमच्या आसपास येतं. रोबस्टात हे प्रमाण जवळपास दुप्पट, आणि भारतात पिकणाऱ्या कॉफीत मोठा वाटा रोबस्टाचाच आहे. स्वस्त पाकीट घेताना हे ध्यानात ठेवावं आणि अर्क निम्मा घ्यावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं 2024 च्या आहार-मार्गदर्शनात दिवसाला 300 मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. दोन ग्लास कोल्ड ब्रू आणि सकाळ-संध्याकाळचा चहा मिळून ती ओलांडली जाते, कारण चहातही कॅफीन असतंच. गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. लहान मुलांना देऊ नये, दुधाळ आणि गोड केली तरीही. याच मार्गदर्शनात जेवणाआधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे, कारण त्यांच्यामुळे अन्नातलं लोह शरीरात शोषलं जाण्यात अडथळा येतो. रक्त कमी असलेल्यांनी हे काटेकोर पाळावं. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात, तेव्हा झोप हलकी असणाऱ्यानं दुपारच्या चहाच्या वेळेनंतर ग्लास भरू नये.

पहिली बरणी मनासारखी उतरली नाही तर दुसऱ्या वेळी एकच गोष्ट बदलावी. पाणचट वाटली तर दाणा किंचित बारीक करावा किंवा दोन तास वाढवावेत. कडवट वाटली तर वेळ कमी करावा. बेचव वाटली तर कॉफी शिळी आहे का ते तारखेवर बघावं. एकाच वेळी सगळं बदललं तर चूक कुठे होती ते सापडत नाही.

अर्क जमू लागला की पुढचे प्रकार घरोघरी वेगळे होतात. थोडा अर्क बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवला तर ग्लासातली कॉफी शेवटच्या घोटापर्यंत पातळ होत नाही. दुधाबरोबर साखरेऐवजी गुळाचा पातळ पाक फार छान लागतो. नुसता गूळ किंवा साखर थंड पाण्यात लवकर विरघळत नाही, तळाशी बसून राहते. शहाळ्याच्या पाण्यात अर्क घालण्याची चाल आता किनारपट्टीवरच्या अनेक कॅफेंत आहे. घरी करायची तर शहाळं फोडल्याबरोबर मिसळावं, तीन भाग पाणी आणि एक भाग अर्क, आणि लगेच संपवावं. कोकम आणि कॉफीची जोडीही जमते, पण त्यासाठी बाजारातलं आगळ घेऊ नये, त्यात मीठ असतं. सुकी आमसुलंही बहुतेकदा मिठाचीच असतात, म्हणून ती पाण्यातून खळखळून धुऊन, तासभर भिजवून त्यांचं पाणी वापरावं आणि गोडी चाखत चाखत वाढवावी.